सहा सिलेंडरची स्पोर्ट्स कार आणि पेट्रोल: साधं भरावं की प्रीमियम? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे पुण्यात तीन लिटरची, एका रांगेत सहा सिलेंडर असलेली टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) असलेली बीएमडब्ल्यू आहे. पंपावर रांगेत उभा असलो की शेजारच्या गाडीची काच खाली येते आणि कुणीतरी विचारतं, "साहेब, यात कुठलं टाकता?" एम३४०आय, झेड४ एम४०आय, ऑडी एस५, पोर्शे ९११ किंवा ७१८ जीटीएस चालवणाऱ्या, किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या लोकांकडून मला पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं इथे देतो आहे.

एका वाक्यात सांगा. साधं की प्रीमियम?

टाकीच्या झाकणाच्या आतला स्टिकर सांगेल ते. तिथे, किंवा गाडीच्या मॅन्युअलमध्ये, तीन गोष्टी शोधा: किमान किती ऑक्टेन चालतं, कंपनी किती ऑक्टेनची शिफारस करते आणि इथेनॉल किती टक्क्यांपर्यंत चालतं. शिफारशीचा आकडा गाठणारं पेट्रोल रोज भरा. किमान आकड्याच्या खाली कधीही जाऊ नका. शिफारशीच्या वरचं पेट्रोल फायद्याचं कधी ठरतं, ते पुढे येईलच, पण मूळ, बदल न केलेल्या इंजिनाच्या गाडीत ते फारसं काही देत नाही.

पंपावरची पाटी, नोझलचा रंग, मित्राचा अनुभव आणि दर या गोष्टी स्टिकरनंतर येतात. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, आधी दर बघतात आणि मग आपल्या निवडीला कारण शोधतात.

ऑक्टेन म्हणजे नेमकं काय?

पेट्रोल दाब आणि उष्णता सहन करून स्वतःहून पेटण्याचं किती टाळतं, त्याचं ते माप आहे. आयसो-ऑक्टेन या घटकाला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० धरून ही पट्टी आखली आहे. एखादं पेट्रोल चाचणीच्या इंजिनात ९५ भाग आयसो-ऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागलं, तर ते ९५ ऑक्टेनचं.

इंजिनात होतं असं. पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, दाबामुळे तापतं. स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि ज्वाळा प्लगपासून सिलेंडरच्या भिंतीकडे पसरत जाते. ती तिथे पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं, तर दाबाची लाट उठते आणि धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. यालाच गॅरेजमध्ये नॉकिंग म्हणतात. थोडं झालं तर टिकटिक ऐकू येते. सतत आणि जोरात होत राहिलं तर पिस्टनचा माथा खराब होतो, रिंगांच्या मधली धातूची कड तुटते. सहा सिलेंडरच्या जर्मन इंजिनात ते दुरुस्त करायचं म्हणजे एखाद्या नव्या छोट्या गाडीइतका खर्च.

मग जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद ना?

नाही. प्रीमियमची जाहिरात बघून झालेला हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. शंभर ऑक्टेनच्या एका लिटरमध्ये ९५ ऑक्टेनच्या लिटरपेक्षा जास्त ऊर्जा नसते. ऑक्टेनने एवढंच होतं, की इंजिनाला ठिणगी थोडी लवकर टाकता येते आणि टर्बोचा दाब कमी करावा लागत नाही. इंजिनाला ती मोकळीक वापरता येत असेल तर ताकद मिळते. येत नसेल तर तुम्ही महाग पेट्रोल जाळून तेवढंच अंतर जाता.

अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने यावर दोन वर्षं लागोपाठ चाचण्या केल्या. २०१६ मध्ये त्यांनी साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत प्रीमियम घालून बघितलं. त्यात एक व्ही६ (इंग्रजी व्ही आकारात बसवलेले सहा सिलेंडर) इंजिनाची गाडीही होती. फायदा जवळपास शून्य निघाला. अशा गाड्यांत विनाकारण प्रीमियम भरून अमेरिकन लोक वर्षाला २१० कोटी डॉलर वाया घालवतात, असा त्यांचा अंदाज होता. २०१७ मध्ये त्यांनी कंपनीने प्रीमियमची 'शिफारस' केलेल्या पण सक्ती न केलेल्या गाड्या घेतल्या. तिथे सरासरी २.७ टक्के अ‍ॅव्हरेज वाढलं आणि १.४ टक्के ताकद. फायदा खरा आहे, पण मित्र सांगतात तसा 'गाडी उडते' इतका नाही.

सहा सिलेंडर आहेत म्हणजे प्रीमियम लागणारच?

सिलेंडरच्या संख्येचा याच्याशी संबंध नाही. इंजिनाचं कॉम्प्रेशन किती (पिस्टन मिश्रणाला किती पट दाबतो), टर्बो आहे का आणि पेट्रोल कुठे फवारलं जातं, यावर ते ठरतं.

अमेरिकेत २०११ पासून विकली गेलेली फोर्ड मस्टँगची ३.७ लिटर व्ही६ घ्या. ३०० हून जास्त हॉर्सपॉवर, कॉम्प्रेशन १०.५ ला १, टर्बो नाही. कंपनीने ती साध्या पेट्रोलसाठीच बनवली होती. (आपल्याकडे २०१६ मध्ये मस्टँग आली ती फक्त व्ही८.) दुसऱ्या टोकाला पोर्शेचं ७१८ जीटीएस ४.०. सहा सिलेंडर समोरासमोर आडवे, टर्बो नाही, पण कॉम्प्रेशन १३ ला १. तिला चांगलं ऑक्टेन हवंच. आणि मध्ये आमच्या बीएमडब्ल्यूंचं बी५८ इंजिन. टर्बोने दाब वाढतो, म्हणून ऑक्टेनची भूक जास्त, पण पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये फवारलं जातं आणि त्याची वाफ होताना मिश्रण थंड होतं, म्हणून भूक थोडी आवरते. हे इंजिन किमान ९१ वर चालतं, शिफारस त्याहून वरची असते. तुमच्या मॉडेलचा आकडा मात्र तुमच्याच झाकणावर बघा, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक बदल होतात.

अमेरिकेतला माझा भाऊ म्हणतो, त्याच्या गाडीला ९१ लागतं. आपलं साधं पेट्रोल तर ९१ होतंच की!

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त येतो आणि यात चूक झाली तर इंजिन भोगतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत. आरओएन, म्हणजे रॉन, हलक्या चाचणीत मोजतात. एमओएन, म्हणजे मॉन, जास्त वेगावर आणि तापलेल्या मिश्रणावर मोजतात, म्हणून तो आकडा कमी येतो. भारत आणि युरोपात पंपावर रॉन लिहितात. अमेरिकेत रॉन आणि मॉन यांची सरासरी लिहितात. त्यामुळे तेच पेट्रोल अमेरिकेच्या पंपावर चार-पाच आकड्यांनी कमी दिसतं.

आपल्या बीएस-६ च्या मानकात साध्या पेट्रोलला रॉन ९१ आणि मॉन ८१ किमान हवं होतं. सरासरी ८६, म्हणजे अमेरिकेतल्या ८७ च्या साध्या पेट्रोलच्या आसपास. प्रीमियमला रॉन ९५ आणि मॉन ८५, सरासरी ९०. तुमच्या भावाचं ९१ म्हणजे आपल्या ९५-९६ च्या जवळचं पेट्रोल आणि त्याच्याकडचं ९३ म्हणजे आपलं ९८ च्या आसपास.

न्यू जर्सीतल्या भावाने किंवा टेक्सासमधल्या मित्राने सांगितलेला आकडा सरळ पुण्याच्या पंपावर लावू नका. अमेरिकन मॅन्युअल इंटरनेटवर सहज मिळतं, ते वाचून "९१ पुरे" असं ठरवणारे निसान ३७०झेडचे दोन मालक मला माहीत आहेत. त्या गाडीच्या अमेरिकन मॅन्युअलमध्ये ९१ च्या शेजारीच रॉन ९६ असंही छापलेलं असतं. ते वाचलंच गेलं नव्हतं.

एक्स्पी९५, पॉवर, स्पीड, व्ही-पॉवर... यातलं खरं प्रीमियम कुठलं?

नावावरून ठरवू नका, पाटीवरचा आकडा वाचा. 'प्रीमियम' या शब्दाखाली आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी विकल्या गेल्या आहेत. एक, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल. दुसरी, साध्याच ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायनं घालून विकलेलं पेट्रोल. बरीच वर्षं पंपावर 'एक्स्ट्रा' या किंवा त्या नावाने मिळायचं ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचं होतं. त्याने ऑक्टेनची गरज भागत नसे आणि लोकांना मात्र वाटे की आपण गाडीला तूप घालतोय. आता ९५ असा आकडा नावातच लिहिलेलं पेट्रोल बहुतेक शहरांत मिळतं. आकडा दिसत नसेल तर पंपावरच्या मॅनेजरला विचारा. तेही नीट सांगत नसतील तर पुढचा पंप गाठा.

पण आता साध्या पेट्रोलमध्येच २० टक्के इथेनॉल आहे. त्याचं ऑक्टेन वाढलंय का?

वाढलंय, आणि ही गोष्ट अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२० ची सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये ते देशभर नेहमीचं पेट्रोल झालं. इथेनॉलचं ऑक्टेन १०८ च्या घरात असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने जाहीर केलं, की ई२० मुळे साध्या पेट्रोलचं रॉन ९१ वरून ९५ वर गेलं आहे.

याचा अर्थ, जुनी "९१ की ९५?" ही वादावादी निदान कागदावर संपली. ज्या गाडीला ९५ पुरतं आणि २० टक्के इथेनॉल चालतं, त्या गाडीत साधं पेट्रोल भरताना ऑक्टेनसाठी मन खाण्याचं कारण उरलेलं नाही. ९५ प्रीमियम घेतलं तर तुम्ही मुख्यतः स्वच्छतेच्या रसायनांचे पैसे देता. मी स्वतः रोजच्या शहरातल्या वापराला आता कुठलाही संकोच न करता चांगल्या पंपावरचं साधं भरतो. वर्षभरापूर्वी मी हे सांगितलं नसतं.

आणि हो, ९५ प्रीमियम म्हणजे इथेनॉल नसलेलं पेट्रोल, हे गृहीत धरू नका. ते वेगळं आणि हे वेगळं.

माझ्या गाडीला ई२० चालेल?

झाकणाच्या आत गोलात ई५, ई१०, ई२५ असं काही लिहिलंय का बघा. युरोपात २०१८ पासून नव्या गाड्यांना असे गोल असतात, त्यामुळे बाहेरून आलेल्या बऱ्याच गाड्यांवर ते दिसतील. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलांच्या मॅन्युअलमध्ये २५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं असं लिहिलेलं असतं. आतला गोल ई१० वर थांबत असेल, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून तुमच्या चॅसिस नंबरसाठी लेखी उत्तर मागा. तोंडी "चालतं हो साहेब, सगळेच भरतात" हे उत्तर वॉरंटीच्या भांडणात कामाला येत नाही.

जुन्या गाड्यांत काळजी आहे ती रबराची. होज, सील, पंपातले काही भाग इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची सहा सिलेंडर गाडी असेल तर दर सर्व्हिसला पेट्रोलच्या लाइन डोळ्याने तपासून घ्या आणि टाकी भरल्यावर पेट्रोलचा वास येतोय का याकडे लक्ष ठेवा. वास आला तर ती गाडी त्या दिवशी हलवू नका.

अ‍ॅव्हरेज कमी होतंच. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. मंत्रालयाने स्वतः ई१० साठी बनवून ई२० ला जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के आणि इतरांत ३ ते ६ टक्के घट मान्य केली आहे. पर्याय म्हणून इथेनॉल नसलेलं पेट्रोल पंपावर ठेवावं, ही मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली होती, ती १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली गेली. मला हा निकाल पटलेला नाही. शेतकऱ्याच्या उसाला भाव मिळावा हे मलाही हवं आहे, पण जुन्या गाडीच्या मालकाला पंपावर एक पर्याय असायला हवा होता.

मग १०० ऑक्टेन घ्यावं का?

इंडियन ऑइलचं एक्स्पी१०० १ डिसेंबर २०२० रोजी आलं. मथुरेच्या रिफायनरीत तयार होणारं हे पेट्रोल पहिल्या टप्प्यात दहा शहरांत मिळू लागलं, त्यात मुंबई आणि पुणे होते. तेव्हा दिल्लीत लिटरला १६० रुपये पडत होते. आता दुसऱ्या कंपन्यांचंही १०० ऑक्टेन काही पंपांवर मिळतं.

शिफारस ९८ ची असलेल्या गाड्या, म्हणजे पोर्शेची बरीचशी मॉडेलं किंवा बीएमडब्ल्यूच्या एम३, एम४ सारख्या खऱ्या एम गाड्या, यांना त्याचा उपयोग आहे. ज्या इंजिनाची पूर्ण ताकद ९८ रॉनवर मोजलेली असते, ते ९५ वर चालतं, पण उन्हात आणि जोरात चालवताना टायमिंग थोडं मागे घेतं, म्हणजे ठिणगी जरा उशिरा टाकतं. ट्रॅकवर जाणार असाल, कोइमतूरला करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईला, तर तिथे नक्की भरा. ३८०-३९० हॉर्सपॉवरच्या मूळ बी५८ ला शहरात रोज १०० भरून फरक जाणवेल असं मला वाटत नाही. मी स्वतः तीन टाक्या लागोपाठ भरून बघितल्या. पहिल्या टाकीला "अहाहा" वाटलं, तिसऱ्या टाकीला ते वाटणं गेलं.

१०० आणि साधं अर्धं-अर्धं केलं तर?

चालतं, त्यात काही धोका नाही. आकडे साधारण सरासरीने जुळतात. अर्धी टाकी ९५ ची आणि अर्धी १०० ची म्हणजे ९७-९८ च्या आसपास. ९८ ची शिफारस असलेल्या गाडीसाठी मला हा सगळ्यांत शहाणा मार्ग वाटतो. दोन्ही पेट्रोल एकाच टाकीत नीट मिसळतात, वेगळे थर होत नाहीत.

चुकून किमानाखालचं किंवा भलतंच साधं भरलं गेलं. टाकी रिकामी करू?

पेट्रोलच असेल तर नको. (डिझेल गेलं असेल तर मात्र गाडी सुरूही करू नका, तशीच टो करून न्या.) आजच्या सगळ्या सहा सिलेंडर गाड्यांत इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर असतात. ते कंपनं ऐकतात आणि नॉकिंगची चाहूल लागताच संगणक ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, टर्बोचा दाब कमी करतो. गाडी थोडी मरगळलेली वाटेल, पण इंजिन वाचेल. टाकी संपेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर जमिनीला टेकवू नका, स्पोर्ट मोड बंद ठेवा, चढावर खालचा गिअर घ्या आणि मिळेल तिथे जास्त ऑक्टेनचं पेट्रोल वरून भरत जा.

सेन्सर आहे म्हणून रोज किमान आकड्यावरच गाडी चालवावी, असा याचा अर्थ नाही. सीटबेल्ट असतो म्हणून कुणी भिंतीवर गाडी नेत नाही.

नॉक सेन्सर नसलेली जुनी कार्ब्युरेटरची गाडी असेल, तर वरचं सगळं विसरा. तिला हवं ते ऑक्टेन द्यावंच लागेल, नाहीतर मेकॅनिककडून टायमिंग हाताने मागे करून घ्यावं लागेल.

उन्हाळ्यात, घाटात, समृद्धीवर काय बदलतं?

उष्णता आणि भार. याच दोन गोष्टींनी नॉकिंग वाढतं.

मे महिन्यात दुपारी विदर्भातून निघालात, पारा ४५ वर, आणि समृद्धीवर १२० च्या मर्यादेत एसी लावून तासन्‌तास चाललात, तर इंजिनात जाणारी हवा आधीच भट्टीतून आल्यासारखी असते. टर्बोची तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर तरी किती थंड करणार! अशा प्रवासाला मी शिफारशीच्या वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल आनंदाने घेतो. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर हवं ते पेट्रोल हव्या त्या ठिकाणी मिळेल या भरवशावर राहू नका. नागपुरातून किंवा छत्रपती संभाजीनगरमधून टाकी फुल्ल करूनच रस्त्याला लागा.

घाटात अडचण वेगळी असते. ताम्हिणीत किंवा आंबोलीत मोठ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर गाडीला ओढायला लावलं, की टर्बो इंजिनावर सगळ्यात वाईट भार येतो. थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमवर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा एक वेगळा प्रकार होतो, तो नुसत्या ऑक्टेनने थांबत नाही. तिथे उपाय दोन. गिअर खाली घ्या, आणि इंजिन ऑइल तुमच्या कंपनीने मान्य केलेल्या ग्रेडचंच, नव्या मानकाचं घाला. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं (एपीआय) एसपी हे मानक २०२० मध्ये आलं, त्यात या त्रासाचाही विचार केलेला आहे.

उंचीवर, महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, हवा विरळ असते म्हणून टर्बो नसलेल्या इंजिनाला ऑक्टेन कमी लागतं. टर्बोवाल्याने त्यावर विसंबू नये, कारण टर्बो तो दाब भरून काढतो.

प्रीमियमने इंजिन स्वच्छ राहतं का?

काही भाग राहतो. इंजेक्टरची तोंडं आणि सिलेंडरचा आतला भाग यांना चांगल्या रसायनांचा उपयोग होतो. पण थेट इंजेक्शनच्या गाडीत हवा आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हना पेट्रोल कधी लागतच नाही, त्यामुळे तिथे साचणारा काजळीचा थर कुठलंही पेट्रोल धुऊ शकत नाही. तो काढायला अक्रोडाच्या टरफलांचा बारीक भुगा हवेच्या दाबाने मारतात. तुमच्या गाडीत इंजेक्शन बाहेर, मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळीत) असेल, जसं निसान ३७०झेडमध्ये आहे, तर व्हॉल्व्हही धुतले जातात आणि रसायनांचा फायदा पूर्ण मिळतो.

ऑक्टेन बूस्टरची बाटली?

नको. बाटलीवर '७ पॉइंट वाढ' असं लिहिलेलं असतं, पण त्यांच्या हिशोबात एक पॉइंट म्हणजे ०.१ ऑक्टेन. सात पॉइंट म्हणजे पाऊण ऑक्टेनही नाही. शिवाय काहींमध्ये लोखंडाची किंवा मँगनीजची संयुगं असतात, ती स्पार्क प्लगवर तांबूस थर सोडतात. तेवढ्याच पैशांत १०० ऑक्टेनचे काही लिटर येतात.

पावसाळ्यात गाडी तीन-तीन महिने उभी असते. काय भरून ठेवू?

टाकी जवळजवळ पूर्ण भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जुलैच्या हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीत ते हळूहळू ओलावा घेत राहतं. पाणी फार झालं तर इथेनॉल आणि पाणी खाली बसतं, वरचं पेट्रोल ऑक्टेन गमावतं आणि पंप नेमका खालचा थर ओढतो. आजच्या बंद टाक्यांत ही वेळ सहसा येत नाही. तरी शक्य असेल तर दोन-तीन आठवड्यांनी गाडी बाहेर काढून वीस-पंचवीस किलोमीटर नीट गरम करा. उभ्या जागी पाच मिनिटं चालू करून बंद करण्याने बॅटरी आणि ऑइल दोन्हीचं नुकसान होतं.

गाडी रीमॅप करायची आहे. मग?

मग वरचा सगळा हिशोब बदलतो. बी५८ ला स्टेज १, म्हणजे रीमॅपची पहिली पायरी, करणारे पुण्या-मुंबईत भरपूर आहेत. रीमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलून कंपनीने ठेवलेली सुरक्षित मोकळीक तुम्ही ताकदीत बदलता. ज्या ऑक्टेनवर तो मॅप लिहिला, तेच पेट्रोल दर वेळी भरावं लागतं. १०० च्या मॅपवर गाडी घेऊन गोव्याला निघालात आणि सावंतवाडीजवळ साधंच मिळालं, तर मूळ गाडीला झाला असता त्यापेक्षा कितीतरी मोठा धोका तुम्ही घेताय. ट्यूनरला आधी विचारा, "हा मॅप कुठल्या पेट्रोलवर लिहिलाय, आणि त्यात इथेनॉल किती धरलंय?" या प्रश्नावर जो अडखळेल त्याच्याकडे गाडी देऊ नका.

महिन्याला खर्चात किती फरक पडतो?

गणित सोपं आहे. पंपावरच्या दोन दरांतला फरक गुणिले तुमचे महिन्याचे लिटर. फरक ८ रुपये धरला आणि ५९ लिटरची टाकी महिन्यात दोनदा भरली, तर ९४४ रुपये. १०० ऑक्टेनला हाच फरक कित्येक पटींनी मोठा होतो. गाडीच्या एका टायरच्या किमतीपुढे पहिली रक्कम काहीच नाही, म्हणून शिफारस साध्यापेक्षा वरची असेल तर पैशांसाठी खाली जाऊ नका. आणि शिफारस नसताना वर न जाता जे पैसे वाचतील, त्यातून ब्रेक फ्लुइड वेळेवर बदलून घ्या.

पेट्रोल टाकल्यावर फरक किती दिवसांनी कळतो?

पंपातून बाहेर पडताच जो कळतो तो मनाचा. संगणक टायमिंग हळूहळू पुढे नेत शिकतो. एक पूर्ण टाकी जाऊ द्या, तोच रस्ता, तेवढंच ट्रॅफिक आणि तशीच हवा असेल तेव्हा तुलना करा.

पंप कसा निवडू?

माझ्या मते ऑक्टेनच्या निवडीपेक्षा ही निवड जास्त महत्त्वाची आहे. एका वर्षी प्रवासात रात्री एका आडबाजूच्या पंपावर मी ९५ समजून काहीतरी भरलं आणि पुढच्या घाटात गाडीने इंजिनाचा पिवळा दिवा दाखवला. तेव्हापासून मी वर्दळीच्या पंपावरच भरतो. जिथे टँकर रोज येतो तिथे पेट्रोल टाकीत शिळं होत नाही. प्रीमियमचा खप कमी असलेल्या पंपावर ते महिनाभर पडून असू शकतं. अशा जागी ताजं साधं पेट्रोल बरं.

ग्राहक म्हणून तुम्हाला तपासणीचा हक्क आहे आणि तो वापरायला लाजू नका. पंपावर फिल्टर पेपर मागा. नोझलच्या तोंडाशी पुसून त्यावर एक थेंब टाका. साधारण दोन मिनिटांत तो उडून जायला हवा. मागे गुलाबीसर छटा राहिली तर तो पेट्रोलचा रंग असतो, काळपट तेलकट डाग राहिला तर भेसळीची शंका घ्या. त्या दिवशीची घनता पाटीवर लिहिलेली असते आणि ती तुमच्यासमोर मोजून दाखवा असं सांगता येतं. माप कमी वाटलं तर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा. पंपावरच्या मुलांशी मात्र नीट बोला. ती दिवसभर उन्हात, वासात उभी असतात आणि ओळख झाली की टँकर कधी आला ते तीच आपणहून सांगतात. माझ्या नेहमीच्या पंपावरचा मुलगा आता मला लांबूनच हाताने खूण करतो: आज ताजं आहे, या.